सामान तुम्हीच भरलंय ना?

शेजारच्या काकू गेले तीन आठवडे माझ्याशी धड बोलत नाहीयेत. अगदी अबोला आहे असं नाही. जिन्यात भेटल्या की हसतात, पण ते हसणं कसं असतं हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

कारण म्हटलं तर क्षुल्लक. पुढच्या आठवड्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला निघतेय. काकूंचा मुलगा तिच्यापासून अर्ध्या तासावर राहतो. मी जाणार हे कळल्यावर काकू एक पुडकं घेऊन आल्या. खाकी चिकटपट्टीने आडवं-उभं गुंडाळलेलं, वर मुलाचं नाव. "फार काही नाही गं, मेतकूट, गोडा मसाला आणि थोडं सुकं खोबरं. दोन किलोसुद्धा भरणार नाही." मी म्हटलं, "नेते की काकू. फक्त हे उघडते आणि माझ्या हाताने पुन्हा भरते, चालेल?"

नाही चाललं. "म्हणजे? आम्ही काय बॉम्ब देतोय का तुझ्याकडे?" आणि पुडकं उचलून गेल्या.

खरं सांगायचं तर काकूंचा मला राग आला नाही. कारण मी स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नाही. 2008 साली पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा यजमानांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी असंच एक पुडकं दिलं होतं. "भावाची औषधं आहेत, वहिनी." नाही कसं म्हणायचं? घेतलं, बॅगेच्या तळाशी ठेवलं, उघडून पाहिलं नाही. विमानतळावर काउंटरपाशी सुरक्षेच्या गणवेशातल्या एका मुलीने विचारलं, "सामान तुम्हीच भरलंय ना? कोणी काही न्यायला दिलंय का?" मी पापणी न लववता सांगितलं, "मीच भरलंय. कोणी काही दिलेलं नाही." दिवसभरात हाच प्रश्न शेकडो वेळा विचारून ती इतकी कंटाळलेली होती की तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे काही झालं नाही. पुडक्यात औषधंच होती. आणि काही झालं नाही, म्हणूनच ही सवय आपल्या सगळ्यांना लागलीय. (हे वाचणाऱ्यांपैकी किती जण तिथे खरं बोललेत? मनातल्या मनात हात वर करा. :-) )

मग आताच एवढी दक्षता का? तर माझा भाचा. तो एका विमानतळावर, कुठल्या ते नको, चेक-इन केलेल्या बॅगांच्या एक्स-रेसमोर बसतो. दिवाळीत आला की मी त्याला खोदून खोदून विचारत असते. त्याच्याकडूनच कळलं की पडद्याकडे सलग फार वेळ बघायचं नसतं. युरोपच्या नियमांत ही मर्यादा वीस मिनिटांची आहे, कारण त्यानंतर डोळे उघडे असले तरी माणूस बघत नसतो. हेही कळलं की अधूनमधून संगणकच एखाद्या निरुपद्रवी बॅगेच्या चित्रात पिस्तुलाची किंवा स्फोटकाची खोटी प्रतिमा घुसवतो, बसलेला माणूस जागा आहे की नाही ते तपासायला. मी विचारलं, "भीती नाही वाटत? एखादी बॅग सुटली तर?" तो म्हणाला, "मावशी, भीती रांगेची वाटते. मागे दोनशे बॅगा तुंबलेल्या, विमान सुटायला चाळीस मिनिटं राहिलेली, कंपनीची माणसं डोक्यावर उभी. अशा वेळी एक बॅग बाजूला काढून 'ही उघडायची' म्हणायला छाती लागते. आणि दहातल्या दहा वेळा आत लोणचंच निघतं."

त्याच्या या बोलण्यावरून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. आणि जितकं वाचलं तितकं एकच वाटत गेलं. विमानांच्या सुरक्षेतली सगळ्यात जुनी फट यंत्रात नाही. ती आपल्या भिडेत आहे.

कनिष्कचंच बघा. 22 जून 1985, कॅनडातलं व्हँकुव्हर विमानतळ. एक उतारू काउंटरवर येतो. टोरोंटोपर्यंतचं तिकीट पक्कं आहे, पण पुढचं एअर इंडियाचं आरक्षण पक्कं नाही. तरी बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा असा हट्ट धरतो. काउंटरवरची बाई सांगते, तसं करता येत नाही. तो वाद घालतो, मागे रांग वाढते, आणि शेवटी ती बॅगेला दिल्लीचा टॅग लावून मोकळी होते. तो माणूस विमानात चढलाच नाही. बॅग गेली. टोरोंटोला त्या दिवशी एक्स-रे यंत्र बिघडलं, उरलेल्या बॅगा हातातल्या वास घेणाऱ्या उपकरणाने तपासल्या. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर विमान फुटलं. 329 माणसं गेली. त्या काउंटरवरच्या बाईला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही टॅग लावला असता. उतारू विमानात नसेल तर त्याची बॅगही न्यायची नाही, हा नियम त्यानंतर कडक झाला.

आता याच्या उलट गोष्ट. पुढच्याच वर्षी, 17 एप्रिल 1986 ला लंडनच्या हीथ्रोवरून तेल अवीवला जाणारं एल अलचं विमान. एक गरोदर आयरिश तरुणी एकटीच निघालेली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने तिला बॅग दिली होती, तो मागाहून येणार होता. हीथ्रोच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग सुखरूप पार झाली. मग एल अलच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी तिला साधेच प्रश्न विचारले. कुठे जाताय, कोणाकडे, बॅग कोणाची? उत्तरं पटेनात, म्हणून बॅग रिकामी केली. रिकामी बॅगही जड लागली. तळाखाली चोरकप्पा आणि त्यात दीड किलोच्या आसपास सेमटेक्स. त्या बिचारीला काही माहीत नव्हतं. विमानात पावणेचारशे माणसं जाणार होती.

म्हणजे "सामान तुम्हीच भरलंय ना?" हा प्रश्न असा रक्ताच्या अगदी जवळून आलेला आहे. पण जगभर तो पोपटपंची झाला. विचारणारा बघत नाही, सांगणारा ऐकत नाही. अमेरिकेने तर आपल्या विमानतळांवर तो 2002 साली बंदच करून टाकला. लोक न ऐकताच ठरलेलं उत्तर देतात, मग विचारायचं कशाला?

त्याऐवजी आपण काय केलं? बैल गेला आणि झोपा केला. डिसेंबर 2001 मध्ये एकाने बुटात स्फोटक दडवलं, म्हणून अमेरिकेत बूट काढायला लागले ते थेट जुलै 2025 पर्यंत. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला, म्हणून 100 मिलिच्या बाटल्या आल्या. 2017 मध्ये सिडनीला एक कट पकडला गेला, आणि 2018 पासून अमेरिकेला जाताना हातातल्या बॅगेत 350 मिलिपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी. म्हणजे आपलं मेतकूटही त्यात आलं!

यंत्रांना मी नावं ठेवत नाहीये. नवे सीटी स्कॅनर खरोखरच चांगले आहेत. दवाखान्यात पोटाचा सीटी काढतात तसाच बॅगेचा काढतात, चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं. त्यांच्या जोरावर 2025 च्या जुलैमध्ये एडिंबरा आणि बर्मिंगहॅमने दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना मोकळीक दिली. उतारूंचा त्रास कमी झाला तर कोणाला नको आहे?

माझा मुद्दा असा की यंत्र घेणं सोपं असतं. निविदा काढायची, फीत कापायची. 2009 च्या नाताळातली गोष्ट आठवा. अॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ते नीट पेटलं नाही, सहप्रवाशांनी त्याला धरलं. या मुलाचा बाप महिनाभर आधी अमेरिकन वकिलातीत स्वतः जाऊन सांगून आला होता की माझा मुलगा वाईट नादाला लागलाय, लक्ष ठेवा. विचार करा, पोटच्या पोराबद्दल परक्या सरकारला जाऊन सांगायचं! यापेक्षा मोठी भीड जगात कुठली असेल? बापाने ती मोडली. आणि नाव कुठल्याशा यादीत नोंदवलं गेलं, पण विमानात चढू न देण्याच्या यादीत गेलंच नाही. यावर उपाय म्हणून काय झालं? अंगाचे स्कॅनर भराभर बसवले गेले. बापाचं ऐकलं का नाही, हा प्रश्न स्कॅनरने कसा सुटणार?

2015 मध्ये अमेरिकेच्याच सरकारी तपासनीसांनी वेष पालटून नकली बॉम्ब आणि शस्त्रं विमानतळांवरून नेऊन पाहिली. 70 पैकी 67 वेळा ती पार झाली, अशी बातमी फुटली होती. यंत्रं होती, माणसंही होती.

या धंद्यातल्या जाणत्या मंडळींना हे कळत नाही असं नाही. विमान कंपन्यांची संघटना आयाटा 2011 पासून सांगतेय की सगळ्यांना एकाच चाळणीतून काढू नका, धोका जिथे जास्त तिथे जास्त बघा. त्या वर्षी सिंगापूरला त्यांनी भविष्यातल्या तपासणीची प्रतिकृतीही मांडली होती, तीन वेगवेगळ्या बोगद्यांची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2021 हे वर्ष 'सुरक्षा संस्कृती'चं म्हणून जाहीर केलं. म्हणजे सुरक्षा ही फक्त गणवेशवाल्यांची नाही, झाडू मारणाऱ्यापासून वैमानिकापर्यंत सगळ्यांची. शंभर टक्के मान्य. पण माझा भाचा म्हणतो, "मावशी, भिंतीवर पोस्टर आहे. 'काही संशयास्पद दिसल्यास कळवा.' पण मी कळवलं आणि विमान उशिरा सुटलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्यामागे कोण उभं राहणार ते पोस्टरवर लिहिलेलं नाही." कंत्राटी नोकरी, तीन पाळ्या, आणि वर संस्कृती! असो.

आणि ही छाती फक्त उतारूंच्या बाबतीत लागते असं नाही. सप्टेंबर 1986 मध्ये मुंबईहून सुटलेलं पॅन अॅमचं विमान कराचीत उतरलं, तेव्हा अपहरणकर्ते विमानतळ सुरक्षेच्या गणवेशात, तशाच दिसणाऱ्या गाडीतून आले होते. नीरजा भनोतचं विमान ते. गणवेशाला कोण अडवणार? फेब्रुवारी 2016 मध्ये मोगादिशूच्या विमानात स्फोट झाला. तपासणीच्या पलीकडे गेल्यावर विमानतळावर काम करणाऱ्यांनीच तो लॅपटॉप एका उतारूच्या हाती दिला होता, हे कॅमेऱ्यात दिसलं. रोज बरोबर डबा खाणाऱ्या माणसाला "हे काय घेऊन चाललास रे?" असं विचारणं आपल्याला जमेल? मला नाही वाटत.

पुढचे धोके म्हणाल तर ते बॅगेत नाहीतच. डिसेंबर 2018 मध्ये लंडनजवळच्या गॅटविकवर ड्रोन दिसल्याच्या बातमीने धावपट्टी बंद राहिली, हजाराच्या आसपास उड्डाणांचा बोजवारा उडाला, आणि ते कोणी केलं हे आजतागायत कळलेलं नाही. दुसरा धोका खोट्या जीपीएसचा. विमान असतं एकीकडे आणि पडद्यावर दिसतं भलतीकडे, कधी तर आकाशात असताना 'जमीन जवळ आली' म्हणून भोंगा वाजतो. आपल्याकडे अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात अशा जीपीएस गडबडीच्या 465 नोंदी झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. म्हणजे आता वैमानिकाने यंत्राचीही भीड ठेवून चालणार नाही. समोरचा काटा सांगतोय ते खरं कशावरून, असं त्यालाही उलट विचारावं लागणार.

आणि तिसरा धोका मला सगळ्यात ओळखीचा वाटला. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने विमान कंपन्यांना सावध केलं. चोरांची एक टोळी कंपनीच्या मदतकक्षाला फोन करते. "मी अमुक विभागातला, पासवर्ड विसरलोय, फोन बदललाय, जरा नवीन चालू करून द्या ना." पलीकडचा मुलगा आधी नाही म्हणतो. हा अजिजी करतो, घाई करतो, साहेबाचं नाव घेतो. मग तो करून देतो. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या एका कॉल सेंटरला गाठून चोरांनी पन्नास लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती पळवली. मी वाचता वाचता थांबले. हे तर व्हँकुव्हरचंच काउंटर! चाळीस वर्षं झाली, बॅगेच्या जागी पासवर्ड आला, बाकी तस्सं. हट्ट करणारा एक, रांगेच्या दडपणाखालचा दुसरा. भीड भिकेची बहीण, असं आपली आजी म्हणायची ते उगाच नाही.

आता यावर कोणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की प्रश्न विचारायचे आणि अडवायचं, हे शेवटी कोणाच्या वाट्याला येतं? दाढीवाल्याच्या, काळ्या-सावळ्याच्या, विशिष्ट आडनावाच्या. परदेशी विमानतळांवर 'सहज निवड झाली' म्हणून बाजूला उभं राहायचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे, आणि तो अपमान आठवडाभर जात नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणूनच प्रश्न सगळ्यांना हवेत, आणि विचारताना माणसाकडे बघून हवेत. चेहरा बघून निवडलेला संशय आणि उत्तर ऐकून आलेला संशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हीथ्रोवरची ती गरोदर तरुणी कुणाच्याच संशयाच्या साच्यात बसत नव्हती.

आणि सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. एप्रिल 2009 मध्ये दिल्लीला एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसांनी डॉ. अब्दुल कलाम यांची अंगझडती घेतली. आपल्या नियमांप्रमाणे माजी राष्ट्रपतींना त्यातून सूट आहे, त्यामुळे जुलैमध्ये ही गोष्ट बाहेर आली तेव्हा संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. नियम मोडला हे खरंच. पण मला लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. खुद्द कलामांनी तक्रारच केली नव्हती. मुकाट्याने झडती देऊन ते विमानात बसले होते. देश रागावला, ते रागावले नाहीत. आपल्याकडे "मी कोण आहे माहितीये का?" हे वाक्य रोज ऐकावं लागणाऱ्या जवानांना तो माणूस किती मोठा वाटला असेल!

नकाराचा अतिरेक होऊ शकतो, हेही विसरून चालणार नाही. 2024 मध्ये आपल्या विमानांना बॉम्बच्या जवळजवळ हजार खोट्या धमक्या आल्या. प्रत्येक वेळी विमान उतरवत बसलो तर धमकी देणाऱ्याचंच फावतं. तिथे "यात तथ्य नाही, विमान जाऊ द्या" असं सही करून सांगणारा माणूस लागतो. त्यालाही छाती लागतेच. हो म्हणणं काय किंवा नाही म्हणणं काय, डोकं शाबूत ठेवून म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर वरच्याने पाठीशी उभं राहिलं पाहिजे. माझ्या लेखी विमान सुरक्षेचं उद्याचं सगळ्यात मोठं आव्हान हेच. सीटी स्कॅनर विकत मिळतो, हे मिळत नाही.

बाकी राहिलं काकूंचं पुडकं. त्यात बॉम्ब नव्हता, हे सांगायला हवं का? पण नंतर भाच्याशी बोलताना कळलं, सुकं खोबरं विमानाने नेऊ देत नाहीत. त्यात तेल फार, आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्याची गणना होते. काकूंना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणजे विश्वासाने दिलेल्या आणि विश्वासाने घेतलेल्या पुडक्यातसुद्धा नको ते असू शकतं, कुणाच्याही मनात काही वाईट नसताना.

हे काकूंना कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. सांगितलं तर "बघा, हिने चौकशीपण केली" असं व्हायचं. माझी बॅग भरून झालीय. मेतकूट आणि गोडा मसाला मी घरी केलाय, दोन घरांना पुरेल एवढा. निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप घ्यायला जाईन, तेव्हा सांगेन की तुमच्या मुलाचा वाटा त्यातूनच देणार आहे. घेतलं मनावर तर ठीक.

आणि विमानतळावर त्या मुलीने विचारलं, "सामान तुम्हीच भरलंय ना?" तर या वेळी तिच्याकडे बघून सांगेन, हो, मीच भरलंय. ती माझ्याकडे बघेल की नाही, ते आल्यावर लिहीन.